मुक्या कड्याची वाट

हा समोर काळा कडा दिसतो ना, त्याला आमच्याकडे मुका कडा म्हणतात. डोंगरात हाक मारली की हाक परत येते. पलीकडच्या सुळक्यापुढे ओरडून बघा, तो दोनदा ओ देतो. हा देत नाही. गुराखी दरवर्षी त्याची परीक्षा घेतात. ओरडतात, थांबतात, हसतात आणि गुरे वळवायला निघून जातात.

खानदेशातून देवीच्या गडावर पायी जाणाऱ्यांचा हा एका दिवसाचा टप्पा. चैत्रात हातोळ्याहून पहाटे निघायचे, कड्याच्या पोटातून करंजबारीची खिंड चढायची आणि पलीकडे उंबरदऱ्याला देवीच्या ठाण्यात मुक्काम करायचा. मध्ये पाणी नाही, सावलीही नाही. बाकी साऱ्या वाटेने माणसे डफ वाजवत, देवीचे नाव घेत जातात. या टप्प्यावर कोणी तोंड उघडत नाही, आणि निशाण सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या हातात देतात. असे का, ते जुनी माणसे सांगत तसे सांगतो. मी पाहिलेले नाही.

तापीकाठच्या एका गावात नवल आणि उखा असे दोघे भाऊ होते म्हणे. नवल थोरला, धिप्पाड. उखा धाकटा, त्याचा डावा पाय लहानपणीच वाळलेला. एका गोष्टीत मात्र दोघे अगदी सारखे होते, ती म्हणजे आवाज. अंगणातून कोणी हाक दिली तर त्यांच्या आईलाही सांगता येत नसे, हा कोणता.

मरताना त्या आईने नवलकडून नवस बोलून घेतला. पाच वर्षे देवीचे निशाण पायी गडावर न्यायचे. वाटेत ते जमिनीला टेकवायचे नाही, मागे फिरवायचे नाही आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाही. मुक्कामाला ठाण्यातल्या दगडाच्या खोबणीत उभे करायचे, तेवढीच त्याला विश्रांती. एवढे पुरे झाले की देवी उखाला पाय देईल.

चार वर्षे नीट पार पडली. गावची मंडळी बरोबर असत. नवल निशाण घेऊन सर्वांत पुढे आणि उखा काठी टेकत सर्वांत मागे. नवलने "जय अंबे" म्हणायचे आणि मागून उखाने "जय अंबे" म्हणायचे. शेवटच्या माणसाने ओ दिली, म्हणजे मधले सगळे आहेत. माणसे मोजायची ती त्यांची रीत होती. आधीच्या वर्षांत हा कडा ते भल्या पहाटे, एकमेकांना धरून चढत, तेव्हा हाकेची गरज पडत नसे. पाचव्या वर्षी हातोळ्याहून निघायलाच उशीर झाला. कड्याखाली पोचले तेव्हा ऊन वर आले होते, आणि रांग लांबली.

निघताना मंडळीतले वडीलधारे सोनजीबाबा उखाला म्हणाले, "उखा, आज सामानाच्या घोड्यावर बस की. पुढच्या वर्षी पळायचंच आहे तुला."

उखा म्हणाला, "बाबा, पळायला लागलो की पहिलं तुमच्या वांग्याच्या वावरात येईन. आता काठीचा आवाज ऐकून तुम्ही उठता."

मंडळी हसली आणि चढाला लागली. त्यानंतर चढ संपेपर्यंत उखाचे तोंड कोणी पाहिले नाही.

नवल वळणावळणावर हाक देत होता. "जय अंबे." मागून लगेच उत्तर येई, "जय अंबे." आवाज ओळखीचा, कधी जरा दमलेला. नवलला वाटे, पोरगा आज चांगला चालतोय. मधल्यांनीही मागे वळून पाहिले नाही. ओ येत होती, मग पाहायचे कशाला? चढ संपत आला तसा नवलने पाय उचलला. बारीच्या माथ्यावरून गड दिसतो. त्या वर्षी तो फार स्वच्छ दिसत होता असे सांगतात. दोन दिवसांची चाल उरली होती.

बारी ओलांडली. कडा पाठीमागे राहिला. समोर नुसता उतार आणि मोकळे रान. नवलने हाक दिली, "जय अंबे."

उत्तर आले नाही.

त्याने पुन्हा हाक दिली. मंडळी एकेक करून माथ्यावर आली. शेवटी एक म्हातारी आली, तिच्यामागे वाट रिकामी होती. म्हातारी म्हणाली, "अरे, माझ्या पाठीशीच बोलत होता की तो." मग सोनजीबाबांनी कड्याकडे पाहिले आणि सगळ्यांना एकदमच कळले.

नवल निशाण धरून उभा होता. दोघे तरणे पुढे झाले. "तू थांब भाऊ, आम्ही बघून येतो."

नवल म्हणाला, "हाक माझी होती. जाईन तर मी."

सोनजीबाबा म्हणाले, "निशाणाचं काय? मागं नेता येत नाही. आमच्या हाती देता येत नाही. आज टेकलं तर पाच वर्षांचं पाणी होईल, नवल. त्याच्याच पायासाठी आहे हे."

नवलने डोक्याचा पटका सोडला, जमिनीवर अंथरला आणि त्यावर निशाण आडवे ठेवले. पटक्यावर ठेवले तरी ते टेकलेच. हे त्यालाही माहीत होते. मग तो आल्या वाटेने माघारी उतरू लागला. दोघे तरणे पाण्याची पखाल घेऊन मागून गेले.

खाली येऊन त्याने हाक मारली, "उखा." कडा म्हणाला, "उखा." त्याने डावीकडे मारली, तर डावीकडून आली. उजवीकडे मारली, तर उजवीकडून आली. दर कपारीतून त्याच्याच भावाचा आवाज येत होता आणि भाऊ कुठेच नव्हता. खरी ओ आली असती तरी त्या गलक्यात ती कळली नसती. ऊन कलायला लागले होते.

तेव्हा नवल कड्यासमोर बसला. शिवी दिली नाही, डोके आपटले नाही. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "बाबा, सकाळपासून तू माझ्या भावाच्या जागी ओ दिलीस. तुझा काय दोष, मीच मागं बघितलं नाही. पण आता गप बस. त्याला बोलू दे."

असे म्हणून तो उठला आणि पुन्हा हाक मारली. या वेळी काही परत आले नाही. रान एवढे शांत झाले की मागच्या दोघांना पखालीतून ठिबकणारे पाणी ऐकू आले, असे सांगतात. आणि त्या शांततेत खालून बारीक आवाज आला. टक्, टक्. कोणीतरी दगडावर तांब्या आपटत होते.

वाटेच्या खाली, करवंदीच्या जाळीत उखा पडला होता. काठी मोडली, तोल गेला आणि तो घसरत गेला होता. घसा सुकून त्याचा आवाज बसला होता. त्याला पाणी पाजले. मग तो म्हणाला, "भाऊ, मला सगळं ऐकू येत होतं. तू हाक देत होतास, तो ओ देत होता. मी इथं पडून म्हणत होतो, मी नाही रे तो."

नवलने त्याला पाठीवर घेतले आणि बारी पुन्हा चढला. माथ्यावर मंडळी उन्हात तशीच बसली होती. निशाण पटक्यावर पडलेले. ते उचलायचे कोणी? नवलचे दोन्ही हात भावाचे पाय धरण्यात गुंतलेले. तो खाली वाकला आणि पाठीवरच्या उखाने हात लांब करून निशाण उचलले. कोणी नको म्हणाले नाही. तसेच ते पुढे निघाले आणि सगळी मंडळी त्यांच्या मागून, त्यांच्या चालीने गेली. उंबरदऱ्यापर्यंत कोणी देवीचे नावसुद्धा मोठ्याने घेतले नाही.

उखाचा पाय बरा झाला नाही. नवलला ते पुढे बरीच वर्षे लागून राहिले होते म्हणे. एकदा त्याने भावाजवळ तसे बोलून दाखवले. उखा म्हणाला, "पाय आला असता तर मी कुठं आहे हे तू परत कधी बघितलं नसतंस. राहू दे."

शाळेतले गुरुजी म्हणतात, एका पावसाळ्यात कड्याचा पुढचा भाग ढासळला, म्हणून आवाज परतत नाही. असेलही. खाली दगडांचा ढीग आहे खरा.

आजही या टप्प्यावर हाक देऊन माणसे मोजत नाहीत. बारीच्या माथ्यावर कापड अंथरून निशाण आडवे ठेवतात आणि शेवटचा माणूस डोळ्यांना दिसेपर्यंत बसून राहतात. आज तुमच्यात या गुडघ्याला पट्टा बांधलेल्या मावशी आहेत. निशाण त्यांना द्या. मावशी, तुम्ही मागे बघू नका आणि घाईही करू नका. तुमच्यापुढे कोणी जाणार नाही.