चौथा बोल्ट

एकदा एक नवी अभियंता, यामिनी शेडबाळे तिचं नाव, पदवीचा निकाल लागताच आपल्या वृद्ध गुरूंकडे धावत आली. मगदूम सर अध्यापनातून निवृत्त झाले होते आणि पंप बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मार्गदर्शन करीत होते.

"सर, मी पहिली आले! आता मोठ्या कंपनीचा डिझाइन विभाग, त्याखाली काही नाही. तुमच्या मालकांनी शिकाऊ म्हणून बोलावलंय, त्यांना नकार कळवूनच जाते."

"कळव. पण त्याआधी आत चल. तुझा पंप ओतवून घेतलाय."

यामिनीचा कानांवर विश्वास बसेना. परीक्षेसाठी कागदावर काढलेला पंप तिच्यासमोर लोखंडात उभा होता! सरांनी तिच्या हाती पाना दिला. "चार बोल्ट आवळ."

तीन चटकन आवळले गेले. चौथ्याच्या नटाला पाना लागला, पण फिरेना. पंपाचीच शेजारची भिंत आड येत होती. तिने वरून पाहिलं, खालून पाहिलं. तळवे काळे झाले.

"ओतकाम चुकलंय, सर!"

"तुमच्या आराखड्याबरहुकूम हाय, ताई," बाजूला उभा असलेला कारखान्यातला रसूल फिटर शांतपणे म्हणाला.

यामिनी वरमली. "सर, तुम्हाला हे आधी दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं. सांगितलं असतं, तर तू नुसतं वहीत टिपून घेतलं असतंस." सर तिच्याजवळ बसले. "तुझं स्वप्न खोटं नाही, बाळ. पण आम्ही तुम्हाला शिखर दाखवलं आणि पहिल्या दिवसाचं काम सांगितलंच नाही, हा दोष आमचा. डिझाइन विभागातल्या जागा मोजक्या असतात. आणि मोठ्या कंपनीतही नवख्याच्या वाट्याला प्रथम जोडणी, तपासणी, बिघाड हेच येतं. ते डिझाइनहून हलकं नाही. डिझाइन तिथेच कळतं."

पण यामिनीचं अर्धं लक्ष पंपाकडे होतं. तिचे डोळे लकाकले. "सर, बोल्ट उलट बाजूने घातला तर? नट मोकळ्या बाजूला येईल!"

"मग बोल्टचं डोकं फिरंल की. धरायचं कसं?" रसूलने विचारलं.

"भिंतीलगत खाच पाडू! डोकं खाचेत अडकेल!"

रसूलने सरांकडे पाहिलं आणि खडू तिच्या हाती दिला. ती फरशीवरच बसून रेखाटू लागली. दुपारभर दोघांची हुज्जत चालली. दोनदा माप चुकलं. दिवस कलताना पंप सुरू झाला, पाण्याचा लोट हौदात आदळला आणि यामिनी आनंदाने ओरडलीच.

मग, हात पुसत, तिने हळूच विचारलं, "रसूलभाई, इथे काम किती वाजता सुरू होतं?"

"आठाला. साडेसातला आलासा तर च्या पण मिळंल."

दुसऱ्या दिवशी ती सव्वासातलाच आली.