‘येत नाही’ म्हणणारी चिमा

आंबेवळण गावात धोंडो नावाचा कासार राहायचा. राहायचा म्हणजे नावापुरता. बांगड्यांचं ओझं पाठीवर घेऊन तो या जत्रेतून त्या जत्रेत फिरायचा आणि घर सांभाळायची त्याची बायको, गोजराबाई. ही गोजराबाई एका कीर्तनकाराची लेक. बापाची नजर अधू झाल्यावर त्याच्या पोथ्या तिनंच वाचून दाखवलेल्या. त्यामुळे लिहिणं, वाचणं, हिशेब, सगळं तिला यायचं. त्यांना एकच मुलगी होती, चिमा.

गावात शाळा होती. देवळाच्या ओवरीत पंतोजी ती भरवायचे. माणूस भला आणि विद्येचा पक्का. पण एकटा जीव, आणि पुढ्यात सगळ्या गावाची पोरं. बिचारा करणार काय? पंतोजी एक ओळ म्हणायचे आणि पोरं ती एका सुरात मागून म्हणायची. धान्याच्या मापांचं कोष्टक तर रोजचंच. “दोन निळवी एक कोळवं, दोन कोळवी एक चिपटं, दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली!” आवाज असा घुमायचा की कळसावरची कबुतरं उडून जायची. येणाराजाणारा कौतुकानं मान डोलवायचा. त्या सुरात निम्मी पोरं नुसते ओठ हलवत असत, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नसे.

चिमाही त्याच ओवरीत बसायची. एक दिवस तिनं मध्येच विचारलं, “पंतोजी, निळवं केवढं असतं?”

सूर तुटला. पोरं खो खो हसली. पंतोजी म्हणाले, “आधी पाठ कर. कळायचं तेव्हा कळेल.” आणि सूर पुढे निघून गेला.

त्या दिवसापासून चिमानं शाळेत काही विचारलं नाही. घरीही ती मुकी झाली. बोलकी पोर, पण विचारल्याशिवाय बोलेना. शेवटी गोजराबाईनं खोदून विचारलं, तेव्हा निळव्याची गोष्ट बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी तिनं पंतोजींची परवानगी घेतली, चिमाला शिकवायला घरी आणलं आणि पडवीत सगळी मापं ओळीनं मांडली. चिमा संध्याकाळपर्यंत बाजरी ओतत बसली. निळव्यातून कोळव्यात, कोळव्यातून चिपट्यात. अर्धी बाजरी अंगणात सांडली आणि कोंबड्यांची चंगळ झाली. पण कोष्टक असं डोक्यात बसलं की पुन्हा कधी घोकावं लागलं नाही.

घरच्या या शाळेत नियम एकच होता. येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणायचं. त्यावर कुणी हसणार नाही, छडी उगारणार नाही आणि कळेपर्यंत पुढेही जाणार नाही. कधी एकाच गणितावर अख्खा दिवस जायचा. कधी चिमा अशी भराभर पुढे पळायची की गोजराबाईची शिदोरी संपायची. मग ती पंतोजींकडेच जायची आणि नवी पोथी मागून आणायची. पंतोजी पोथी द्यायचे आणि दाराआड जाऊन एक उसासाही टाकायचे.

गावाला काही हे रुचलं नाही. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, “आईच शिकवणार, आईच परीक्षा घेणार आणि आईच शाबासकी देणार! आपला तो बाब्या!” पाटलांनी तर चारचौघांत विचारलं, “काय गोजराबाई, पोरीला कोष्टकं तरी येतात का, का नुसत्या कोंबड्या पोसताय?”

गोजराबाई म्हणाली, “पाटील, पी हळद आणि हो गोरी, असं शिकणं नसतंय. वाईच थांबा की.”

पण पाटील थांबणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी राजदरबारी तक्रार नेली. तिकडून हुकूम आला की राजपंडित गावात येऊन परीक्षा घेतील. घरची मुलगी शाळेतल्या मुलांपुढे उणी पडली, तर तिनं दुसऱ्या दिवसापासून ओवरीत बसायचं आणि आईनं शिकवणं कायमचं बंद करायचं.  पोर पुन्हा मुकी होईल, एवढीच गोजराबाईला भीती होती.

परीक्षेच्या दिवशी देवळापुढे सारा गाव लोटला. राजपंडित पारावर बसले. आधी शाळेतल्या मुलांनी कोष्टक म्हटलं. कबुतरं उडाली. गावानं टाळ्या वाजवल्या. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. मग चिमानं म्हटलं. तिचाही एक शब्द चुकला नाही, पण एकटीचा आवाज तो केवढा असणार! टाळ्या पडल्या नाहीत.

मग राजपंडितांनी ज्वारीनं भरलेली एक पायली पुढे ठेवली. ते म्हणाले, “मुलांनो, या पायलीत दाणे किती?”

सगळी पोरं एका सुरात ओरडली, “चार शेर एक पायली!”

“शेर नाही विचारले. दाणे विचारले.”

पोरं एकमेकांकडे बघू लागली. कोष्टकात दाणे नव्हते. पाटलांच्या मुलानं “हजार!” म्हटलं, तशी दहाजणांनी “हजार!” म्हटलं. दुसऱ्या कुणी “लाख!” म्हटलं, तर तेच दहाजण “लाख!” म्हणू लागले. पंतोजींनी मान खाली घातली.

“तू सांग, मुली,” राजपंडित म्हणाले.

चिमानं पायलीकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं, “मला येत नाही.”

गाव खदखदून हसलं. “झालं! एवढं शिकून येत नाही म्हणे!”

गोजराबाई बायकांत पुढेच उभी होती. वाट कशी काढायची हे तिला दिसत होतं. एक शब्द, नुसता एक शब्द कुजबुजला असता तरी पोरीला पुरला असता. शब्द ओठांवर आला. तिनं पदर तोंडात धरला आणि तो गिळला. अशा वेळी गप्प बसायला आईचं काळीज केवढं लागतं, ते आयांनाच विचारा.

हसणं ओसरल्यावर चिमा म्हणाली, “अजून येत नाही. पण बघते. मला एक निळवं द्याल का?”

निळवं आणलं. तिनं ते पायलीतून भरलं आणि फरशीवर ओतलं. ढिगाचे दोन सारखे भाग केले. एक बाजूला सारला. उरलेल्याचे पुन्हा दोन केले. असं करत करत मोजता येतील एवढेच दाणे उरले, तेव्हा ती मांडी घालून मोजायला बसली. गाव चुळबुळलं. कुणी जांभया दिल्या. चिमानं वर पाहिलंही नाही. मोजून झाल्यावर ती तोंडानं पुटपुटत दुप्पट करत गेली. ढिगावरून निळवं, निळव्यावरून कोळवं, चिपटं, मापटं, शेर आणि शेवटी शेराची चौपट.

तिनं आकडा सांगितला. लाखाच्या थोडा वरचा होता. मग म्हणाली, “नेमका नाही, पंडितबुवा. ढीग मी डोळ्यांनी सारखे केले. थोडं इकडंतिकडं होईल.”

पाटील उसळले. “आकडा बरोबर आहे का ते सांगा आधी!”

“मला काय ठाऊक?” राजपंडित हसले. “मी कुठे मोजलेत? जे कुणी शिकवलेलं नाही ते समोर आलं तर पोर काय करते, एवढंच मला बघायचं होतं.” मग ते गोजराबाईकडे वळले. “बाई, वाट तुम्हाला माहीत होती. तुमच्या तोंडावर दिसत होती. सांगितली का नाही?”

“सांगितली असती तर परीक्षा माझी झाली असती, महाराज. तिची कुठली?”

राजपंडित उठून उभे राहिले. “ही मुलगी घरीच शिकेल,” ते म्हणाले. पंतोजी पुढे आले. भर सभेत त्यांनी चिमाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “शाब्बास पोरी! इतक्या पोरांत मला हे साधत नाही.” हे बोलायलाही मोठं मन लागतं.

घरी जाताना गोजराबाईची मान अशी ताठ होती की पाणवठ्यावरच्या बायकांनी आपणहून वाट दिली. वाटेत चिमा म्हणाली, “आई, मोजताना मी एकदा चुकले होते.”

“अगं बाई! मग?”

“कुणाला कळलं नाही. पण मी पहिल्यापासून परत मोजलं.”

गोजराबाई तिथंच थांबली. भर सभेतली शाबासकी तिला या एका वाक्यापुढे फिकी वाटली. तिनं भर रस्त्यात लेकीची दृष्ट काढली.

तात्पर्य: जिथं मूल न लाजता ‘येत नाही’ म्हणू शकतं आणि त्याला कळेपर्यंत कुणीतरी त्याच्यापाशी थांबतं, तिथंच खरी विद्या येते. हे भाग्य मोठ्या शाळेपेक्षा घरच्या पडवीत लवकर लाभतं; मात्र शिकवणाऱ्याला वेळेवर गप्प बसता आलं पाहिजे.