लिंबू पिळलेला खार

केळीच्या बागांनी वेढलेल्या एका गावी चंपा नावाची बाई राहायची. कोणी हसलं तरी तिला संशय, कोणी न हसलं तरी संशय.

चंपाच्या लेकीचं लग्न ठरलं. रुखवतात घरचे पापड मांडायची त्या गावची रीत. ते फुलले नाहीत तर लेकीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागे. पापड फुलतो तो खारामुळे. आणि केळीच्या खुंटाची राख भिजवून, गाळून, आटवून खार करावा तो चंपाच्या थोरल्या जावेनं, भागीरथीनंच. पाण्याच्या पाळीवरून दोघींचं बिनसलं होतं. तरी भागीरथी आपणहून खाराची बरणी घेऊन आली. देताना हसली.

झालं! चंपाच्या डोक्यात किडा वळवळला. भांडलेली जाऊ फुकट देते, वर हसते? नक्की काहीतरी कालवलंय! तिनं चिमूटभर खार चाखला, तर जीभ चरचरली. खार नेहमीच चरचरतो, हे त्या घटकेला तिला कुठलं आठवायला? तिनं चिमटीभर खारावर लिंबू पिळलं. तो फसफसून वर आला.

"विषच आहे मेलं! कसं उसळतंय!"

लग्न तोंडावर आलेलं, दुसरा खार कुठून आणणार? तिनं सगळा खार पाण्यात कालवला आणि फेस थांबेपर्यंत लिंबं पिळत राहिली. मग पुन्हा चाखलं. ना चरचर, ना आंबट, नुसतं खारट. विष उतरलं, असं मानून तिनं त्याच पाण्यात उडदाचं पीठ भिजवलं. शेजारणींनी पापड लाटून दिले.

पापड वाळले. पहिला तेलात सोडला, तो फुललाच नाही. दुसराही तसाच. चंपा पापड हातात घेऊन तरातरा जावेच्या दारात गेली.

"जाऊबाई, साधलात ना डाव? माझ्या लेकीचं वाटोळं केलंत!"

भागीरथीनं त्याच खाराचा आपला पापड तळला. तो कढईभर फुलला. मग चंपाच्या हातातल्या पापडाचा तुकडा मोडून तिनं तोंडात टाकला. खाराची चव नव्हती, लिंबाचा पुसट वास तेवढा लागला.

"लिंबू पिळलंस की काय गं?"

चंपाची मान खाली गेली.

"अगं, आंबट पडलं की खार मरतो. मागे उरतं ते एक तऱ्हेचं मीठ. मिठानं पापड फुलतो होय? मला एकदा विचारायचंस तरी."

भागीरथीनं आतून आपल्या पापडांचा डबा आणला. "घे, रुखवतात मांड."

चंपाचे डोळे भरून आले. तिनं डबा घेतला. पण सवयीनं हात झाकणाकडे गेला, आणि तिनं वाकून वास घेतला.

भागीरथी बघत होती. या वेळी ती हसली नाही.

तात्पर्य: संशयानं पारख करायला गेलं की चांगली वस्तूही हातची जाते, आणि चूक कळली तरी जडलेला संशय सहजी सुटत नाही.