आधी गाणार कोण?

महाराजांचा वाढदिवस उलटून चार दिवस झाले, तरी वाढदिवसाचं गाणं काही सुरू होईना!

सोनवडी संस्थानच्या विद्यापीठात संगीत विभाग होता. विभागात सात प्राध्यापक, आणि सातही असे गाणारे, की ऐकणाऱ्यानं तहानभूक विसरावी. पण मैफलीचा एक रिवाज असतो. धाकट्यानं आधी गायचं, थोरानं शेवटी. आता या सातांत धाकटं व्हायला तयार कोण? कोणीच नाही!

"मला पासष्टावं लागलंय," घोटणेबुवा म्हणाले.

"वय काय, म्हशीचंही वाढतं!" चंद्राबाई फणकारल्या. "मी पाळण्यात रडले, तीसुद्धा सुरात!"

"पाळण्यात? मी आईच्या पोटातच रियाजाला बसलो होतो!" कोपऱ्यातून लोकरेबुवा गरजले.

झालं! चार दिवस सातही जण मांडीवर तंबोरे घेऊन दरबारात बसून राहिले. तोंडं घट्ट मिटलेली. पंगतीची हाक आली, की मात्र सातही सगळ्यांत पहिले!

राजे भुजंगराव मुळातच हट्टी, त्यात वाढदिवस फुकट गेलेला. पाचव्या दिवशी त्यांचं डोकंच फिरलं.

"बास! आता आधी नको आणि नंतर नको. उद्या दुपारपर्यंत सातांनी एकाच क्षणी एकच सूर लावायचा! खूण करायची नाही, आकडे मोजायचे नाहीत. एकानं जरी पापणीभर आधी तोंड उघडलं, तर विभागाला टाळं ठोकीन आणि तिथं माझे हत्ती बांधीन!"

प्रधानजींनी एक युक्ती केली. सातांच्या नाकाखाली चिमूट चिमूट तपकीर धरली. शिंका तरी एकदम येतील! पण छे. आधी शिंकला तो धाकटा ठरायचा ना! डोळे लालबुंद झाले, मिशा थरथरल्या, पण एकही पठ्ठ्या शिंकला नाही.

ही बातमी सगुणाच्या मळ्यावर पोचली, तसा तिच्या बापानं कपाळाला हात लावला. त्यांच्या मळ्यात भोपळे पिकत, पण भाजीचे नव्हेत, तंबोऱ्याचे. कडू जहर! गाढवसुद्धा तोंड लावत नाही. तीनशे भोपळे वाळून तयार होते आणि घेणारं गिऱ्हाईक एकच, तो संगीत विभाग.

"आता हे काय डोक्यावर घेऊन नाचायचे?" बाप म्हणाला.

"सात शहाणी माणसं तोंड उघडेनात, म्हणून आपण उपाशी मरायचं होय?" सगुणा तडकलीच. तिनं पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, सातांना एका सुरात आणते. पण मदतीला एक माणूस द्या."

"कोण हवाय? प्रधान? सेनापती?"

"तुम्ही!"

"मी? मी काय करायचं?"

"गायचं!"

दरबार गारच पडला. महाराज चाचरले, "अगं पोरी, मी उभ्या जन्मात आंघोळ करतानासुद्धा गायलो नाही!"

"म्हणूनच तर! नुसतं सा रे ग म म्हणा."

सगुणानं चंद्राबाईंचा तंबोरा मागून घेतला आणि छेडला. महाराजांनी घसा खाकरला, डोळे मिटले. "साऽऽ" कसाबसा लागला. "रेऽऽ" थोडा लटपटला. आणि मग आला "ग"! काय सांगू तुम्हाला, तो "ग" दरबारात लागायचा तो पार गोठ्यापलीकडं जाऊन पडला!

सातही प्राध्यापकांचे चेहरे दाढ ठणकावी तसे वाकडे झाले, आणि...

"गऽऽऽऽ!"

सात गळे, एक क्षण, एक सूर! झुंबरं किणकिणली. बाहेर हत्तीनं घाबरून सोंड वर केली.

"एकदम! अगदी एकदम!" प्रधानजी ओरडले. आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं, की सातांनी भर दरबारात साक्षात महाराजांची चूक काढली! महाराजांची मिशी हलू लागली.

"म्हणजे माझा सूर चुकला?"

"चुकला, महाराज!" सातही जण पुन्हा एकदम! मग सातांनीही जीभ चावली.

महाराजांनी सगुणाकडे वळून पाहिलं. "हे असं होणार, हे तुला कसं ठाऊक?"

"दरसाल भोपळे पोचवायला येते ना मी. एका खोलीत पोर चुकलं, की सातही खोल्यांतून बरोबर सूर बाहेर पडतो. महाराज, ही माणसं शिंक आवरतील, पण मास्तरकी कशी आवरतील?"

महाराजांच्या ओठांवर हसू आलं होतं, पण हट्ट कुठला सुटतोय! "ते राहू दे. माझं वाढदिवसाचं गाणं अजून राहिलंय. त्याला आधी गाणार कोण?"

"आधी गाणारा गाऊन मोकळा झाला की!" सगुणा म्हणाली. "आधी गातो तो सगळ्यांत धाकटा, हाच रिवाज ना? मग आज या दरबारात सगळ्यांच्या आधी कोण गायलं?"

महाराजांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी?"

"धाकटं कोणीतरी ठरलं ना," घोटणेबुवा तंबोरा सावरत घाईघाईनं म्हणाले, "मग माझं काही म्हणणं नाही!"

"माझंही नाही!" चंद्राबाई म्हणाल्या आणि सगुणाच्या हातातला आपला तंबोरा घेऊन गायला सरसावल्या.

महाराज असे खदाखदा हसले, की मुकुट कानावर आला! "शाब्बास, पोरी! मी या विभागातला सगळ्यांत धाकटा विद्यार्थी! उद्या सकाळपासून माझी शिकवणी सुरू. आणि तुझे तीनशेच्या तीनशे भोपळे आम्ही घेतले!"

"तीनशे? महाराज, एका माणसाला शिकायला एवढे तंबोरे कशाला?"

"माझा 'ग' ऐकलास ना?" महाराज डोळे पुसत म्हणाले. "पुढच्या साली आणखी तीनशे लाव!"