औषधाचे वऱ्हाड

एकदा एका वयोवृद्ध डॉक्टरांच्या हाताखाली एक हुशार, पण उतावळी शिष्या शिकत होती. डॉक्टरांची एक सवय तिच्या डोक्यात जाई. अतिदक्षता विभागात शिरले की ते आधी खाटेशी वाकून लघवीच्या पिशवीवरचा आकडा वाचत, त्या पिशवीलाच हात जोडत आणि मगच रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहत.

"सर, देवाचा फोटो तिकडं भिंतीवर आहे," ती एकदा म्हणालीच. ते हसून पुढच्या खाटेकडे वळले.

त्या आठवड्यात एक तरुण कासारीण दाखल झाली. तिला फिटवर फिट येत होती. शिष्येने शिरेतून औषध सुरू केले, मात्रा वाढवत नेली आणि झटके थांबले. बाई शांत झोपी गेली. बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या आईने तीन दिवसांत पहिल्यांदा घोटभर चहा घेतला.

चौथ्या सकाळी डॉक्टरांनी आकडा पाहिला, पण हात जोडले नाहीत. त्यांनी चालू औषध बंद करून परिचारिकेला दुसरे लावायला सांगितले.

शिष्या भडकली. "सर, याच औषधानं झटके थांबलेत! परत आले तर ती जाईल. आणि मात्रा मर्यादेतच आहे, मी तीनदा पडताळलीय."

"कशाची मात्रा?"

"औषधाची. आणखी कशाची?"

त्यांनी रिकामी कुपी तिच्या हाती दिली. "बारीक अक्षरं वाच. तुझे डोळे तरुण आहेत."

औषधाच्या नावाखाली आणखी एका द्रवाचे नाव होते. ते तिने कधी वाचलेच नव्हते.

"हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून या द्रवात विरघळवून देतात," डॉक्टर म्हणाले. "नवरदेव कधी एकटा येतो का, पोरी? आपण त्यालाच मोजलं. यजमानाला, म्हणजे शरीराला, मात्र सगळ्या वऱ्हाडाची, या द्रवाचीही, उस्तवार करावी लागते. निम्म्याहून अधिक वऱ्हाड यकृत सांभाळतं. त्याचं आम्ल बनवतं आणि तेही शरीर कामी लावतं. उरलेल्यांना मूत्रपिंडं बाहेर पोचवतात. आज ती थकलीत, पिशवीवरचा आकडाच सांगतोय. वऱ्हाड घरातच साचतंय आणि रक्त आंबट होतंय. तपासून बघ."

तिने तपासले. आम्ल खरोखरच वाढले होते.

"म्हणजे हा द्रव वाईटच!"

"वाईट कसा? त्यानं औषध आत नेलं म्हणून ती जगली. त्याचेही उपकारच आहेत. फक्त त्याचा भार कोण वाहतंय, ते विसरायचं नाही. मी हात जोडतो ते त्या राबणाऱ्यांना."

नवे औषध पाण्यात विरघळणारे होते. झटके परतले नाहीत. दोन दिवसांनी रक्त पूर्ववत झाले आणि कासारणीने डोळे उघडून आईला हाक मारली.

म्हातारी आई रडतच बाहेर आली आणि शिष्येच्या पायाशी वाकली. शिष्येने तिला खांद्याला धरून उठवले.

"माझ्या नको, आजी. तुमच्या लेकीनंच फार कष्ट केलेत."

"निजून?" म्हातारीने डोळे विस्फारले.

"निजूनच," शिष्या म्हणाली.