चित्रकार बाई आणि तीन पायांचा मोर

कुठल्याशा राज्याच्या कलाशाळेत एक चित्रकार बाई बारा वर्षं शिकवत होती. शिष्यांच्या चुकलेल्या रेघेवर गेरूने बरोबर रेघ मारायची, हे तिचं काम. ते करता करता स्वतःची चित्रं काढायची राहूनच गेली.

एक दिवस ती आचार्यांना म्हणाली, "मी कुंभारवाड्यात खोली घेतेय. तिथे चित्रं काढीन. आणि तिथल्या लोकांबरोबर चावडीची भिंत रंगवीन."

"बघा जमतंय का," आचार्य म्हणाले. "दसऱ्यापर्यंत तुमची जागा ठेवतो. भिंत झाली नाही तर परत या."

जमेल का, ही धाकधूक तिलाही होतीच.

कुंभारवाड्यातल्या बायकांनी भिंत गेरूने सारवली, तांदूळ वाटून पांढरा रंग केला आणि चित्रं काढायला घेतली. एका आजींनी मोर काढला. त्याला तीन पाय होते.

आजी जेवायला गेल्या तसा बाईचा हात शिवशिवला. सवयीने तिने एका पायावर गेरू फिरवला. शाळेत गेरूची रेघ चुकीवर उठून दिसायची. इथे भिंतच गेरूची. पाय दिसेनासा झाला. आजी परत आल्या, दोन पायांचा मोर पाहिला आणि घरी निघून गेल्या; त्यांच्यामागे बाकीच्या बायकाही.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दसरा चार दिवसांवर होता. उरलेली भिंत बाईला एकटीला सहज रंगवता आली असती, शिवाय बिनचूक. तिने कुंचला उचललाही. मग तो खाली ठेवून ती आजींच्या दारात गेली.

"आजी, माझं चुकलं. पण मोराला तीन पाय कसे?"

"नाचत होता गं तो. नाचणाऱ्याचा पाय एका जागी राहतो होय?"

"मला शिकवाल?"

आजींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एवढी शिकलेली तू. बरं, आधी तांदूळ वाट."

बाई वाटायला बसली. ते बघायला बायका जमल्या.

"जाडंभरडं राहिलं," एक म्हणाली.

"शाळेत पाटा नसतो वाटतं," दुसरी म्हणाली. हसत हसत सगळ्या भिंतीकडे निघाल्या.

दसऱ्याला आचार्य स्वतः आले. "भिंत अपुरीच दिसतेय. चला मग परत."

"नाही येता येणार," बाई म्हणाली. "आजींनी आत्ता कुठे मला पाय काढू दिलेत. पिसारा बाकी आहे."

आचार्यांनी तिची जागा दुसऱ्याला दिली.

तात्पर्य: जागा सोडायला एक दिवस पुरतो, सवय सोडायची तर दुसऱ्याच्या दारात जाऊन बसावं लागतं.