हिमनदीची पाहणी

आमच्या विद्यापीठाला परदेशाची फार ओढ; विद्यार्थ्यांना पाठवण्याची मात्र घाई नाही. भूगोलाच्या खानापूरकर मॅडमनी मुलांना नॉर्वेला नेऊन हिमनदी शिकवण्याचा अभ्यासक्रम आखला, तेव्हा कुलगुरू शितोळे सर गहिवरून म्हणाले, "मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. आधी मी स्वतः पाहणी करून येतो."

सर सपत्नीक गेले. परतल्यावर अहवाल दिला, "जागा मुलांसाठी धोकादायक आहे. पुढच्या वर्षी पुन्हा पाहू." पुढच्या वर्षी पुन्हा पाहिली. त्याच्या पुढच्या वर्षीही. धोका काही कमी होईना आणि सरांच्या दिवाणखान्यात बर्फातले फोटो लावायला भिंत उरेना.

यंदा विद्वत परिषदेत पाहणीचा ठराव आला, तसा खानापूरकर मॅडमनी हात वर केला.

"माझा विरोध आहे. इतक्या धोक्याच्या जागी आपण कुलगुरूंना दरवर्षी ढकलतो, ही काय माणुसकी झाली? मुलं काय, नवी मिळतील. असे कुलगुरू पुन्हा कुठून आणायचे? यंदा सरांनी घरीच राहावं."

सगळ्यांनी बाकं वाजवली. सरांचा चेहरा पडला. घरी बॅगा भरून तयार होत्या.

"अहो, कसला धोका?" सर उसळले. "आमची ही चपला घालून फिरते तिथे!"

"मग प्रश्नच मिटला," म्हणत मॅडम कुलसचिवांकडे वळल्या. "पाहणी पूर्ण झाली, असं इतिवृत्तात लिहा. आणि मुलांना कळवा, बूट नसले तरी चालेल."